अल्ट्रासॉनिक क्लीनरचे ते सर्किट अपुरे आणि धोकादायक

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प सुचवणारे एक पान होते. त्यात ऐकू न येणाऱ्या ध्वनीने पाण्यातल्या वस्तू साफ करणारा अल्ट्रासॉनिक क्लीनर घरच्या घरी कसा करावा, हे सर्किटच्या आकृतीसह दिले होते. ५५५ क्रमांकाची टायमर चिप, एक मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), वीज दिली की कंप पावणारी एक पिझो चकती आणि स्टीलचे पातेले एवढ्या साहित्यात चष्मे, नाणी आणि दागिने लख्ख करणारे यंत्र तयार होते, चिपची वारंवारता ४० किलोहर्ट्झवर बसवली की काम झाले, आणि जोर कमी पडल्यास मॉसफेटला बारा व्होल्टच्या अडॅप्टरऐवजी घरातील वीज डायोडमधून एकदिश करून द्यावी, असे त्यात म्हटले होते. कारखान्यांतील आणि रुग्णालयांतील अशा यंत्रांची दुरुस्ती करण्यात माझी सुमारे तीस वर्षे गेली. लेखकाचा हेतू चांगला आहे आणि मुलांनी हाताने काही करून पाहावे ही कळकळही त्यात दिसते. परंतु दिलेले सर्किट सफाईचे काम करणार नाही, आणि शेवटच्या सूचनेप्रमाणे ते करायला लावण्याचा प्रयत्न झाला, तर एखाद्या मुलाच्या जिवावर बेतेल. म्हणून हे पत्र नेहमीपेक्षा सविस्तर लिहीत आहे.

जिवाचा प्रश्न आधी. आपल्याकडची २३० व्होल्टची वीज एकदिश केली की तिचा शिखरदाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. सफाईच्या टाकीला विजेचे कंपनांत रूपांतर करणारा जो ट्रान्सड्यूसर चिकटवतात, त्याच्या दोन्ही टोकांचे धातूचे ठोकळे मधल्या बोल्टने एकमेकांशी जोडलेले असतात आणि विजेच्या दोन तारांपैकी एक त्या ठोकळ्यांनाच लागलेली असते. त्यामुळे मध्ये वीज अलग ठेवणारा ट्रान्सफॉर्मर नसेल, तर पातेले, त्यातले पाणी आणि पाण्यात बुडवलेला चमचा हे सगळे थेट घरातील विजेला जोडले जाते. ठोकळा आणि पातेले यांच्यामधला इपॉक्सीचा पातळ थर आपल्याला वाचवील, या भरवशावर कोणी राहू नये; कंपनाने तोच थर सर्वांत आधी सुटतो. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला ठाऊक नसते. ट्रान्सड्यूसरमधल्या सिरॅमिकच्या कड्या तापल्या, आपटल्या किंवा बोल्टने आवळल्या, तरी त्यांच्यावर स्वतःहून विद्युतभार साचतो; कुठेही न जोडलेला, नुसता टेबलावर ठेवलेला ट्रान्सड्यूसर उचलताना मला झटका बसलेला आहे. म्हणून जाणते कारागीर त्याच्या विजेच्या दोन टोकांना आधी एक तार गुंडाळून ठेवतात.

दुसरी गोष्ट चकतीची. बाजारात ‘पिझो’ या एकाच नावाने तीन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात आणि लेखासोबतच्या छायाचित्रात त्यांतली चुकीची दाखवली होती. पितळी पत्र्यावर सिरॅमिकचा पातळ गोल चिकटवलेली जी चकती तेथे दिसते, ती गजराच्या बझरमध्ये वापरतात. ती पापडासारखी वाकून काही हजार हर्ट्झचा आवाज काढते आणि पाण्याच्या भाराखाली तिचा मुळीच निभाव लागत नाही. दुसरी चकती गणपतीच्या आरासीत पाण्यावर धुके उठवणाऱ्या फॉगरमधली. ती साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची असते, जाडीच्या दिशेनेच कंप पावते आणि सुमारे १७ लाख हर्ट्झवर चालते. पाण्याच्या पृष्ठभागावरून ती सूक्ष्म थेंब उडवते, पण चष्म्याच्या कडेतला मळ तिच्याने निघत नाही, कारण वारंवारता जितकी चढी तितका पाण्यात बुडबुडा फुगायला वेळ कमी मिळतो. सफाईला लागतो तो तिसरा प्रकार: फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांझव्हँ यांच्या नावाने ओळखला जाणारा, मुठीत मावणारा आणि मधोमध बोल्टने आवळलेला ट्रान्सड्यूसर.

या तिसऱ्या वस्तूची घडण समजली की तिला वीज कशी द्यायची हे आपोआप उमगते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्याच्यावर विद्युतभार उमटतो, हे झाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. याच्या उलटही घडले पाहिजे, म्हणजे वीज दिली की स्फटिकाने आकार बदलला पाहिजे, असे गाब्रिएल लिपमन यांनी पुढच्याच वर्षी तर्काने मांडले आणि क्यूरी बंधूंनी ते प्रयोगाने पडताळले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी लांझव्हँ यांना पाण्यात जोरदार श्रवणातीत ध्वनी सोडायचा होता. नुसत्या क्वार्ट्झने तेवढी खालची वारंवारता मिळवायची, तर तो बराच जाड घ्यावा लागेल आणि त्याला द्यावे लागणारे व्होल्टेज आवाक्याबाहेर जाईल. त्यांनी पातळ क्वार्ट्झ पोलादाच्या दोन जाड पत्र्यांमध्ये बसवला आणि तो सगळा संच एकत्र कंप पावू दिला. आजच्या ट्रान्सड्यूसरमध्ये क्वार्ट्झच्या जागी शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगाच्या, म्हणजे पीझेडटीच्या, दोन कड्या असतात. सारख्या ध्रुवांची तोंडे समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये तांब्याचा पत्रा घालतात, मागे पोलादाचा आणि पुढे ॲल्युमिनियमचा ठोकळा लावतात. पुढचा ठोकळा हलका असल्यामुळे हालचाल पाण्याच्या बाजूला अधिक होते. मधला बोल्ट हे काही केवळ भाग एकत्र ठेवण्याचे साधन नव्हे. सिरॅमिक दाब पुष्कळ सोसते, पण ताण पडला की तडकते; म्हणून कंपनाच्या प्रत्येक फेऱ्यात ते दाबलेलेच राहील, इतका बोल्ट आधीपासून आवळून ठेवायचा असतो. टॉर्क पान्याशिवाय, नुसत्या हाताच्या अंदाजाने, तो आवळणाऱ्यांनी फोडलेल्या कड्यांचा माझ्याकडे एक डबा भरला आहे.

आता या कडीची हालचाल किती होते ते पाहू. पीझेडटीच्या एका कडीला १०० व्होल्ट दिले, तर ती जेमतेम २५ ते ३० नॅनोमीटर फुगते. क्वार्ट्झच्या मानाने हे शंभरपटीच्या घरात असले, तरी एवढ्याने पाण्यात काही घडत नाही. झोका योग्य वेळी ढकलला तरच उंच जातो, तसे हा संच ज्या वारंवारतेवर स्वतःहून डोलतो, नेमक्या त्याच वारंवारतेवर वीज दिली, तर ही हालचाल अनेक पटींनी वाढते. ग्रंथांत याला अनुस्पंदन म्हणतात, कारखान्यात रेझोनन्स म्हणतात. ध्वनीची निम्मी तरंगलांबी त्या संचात मावली की रेझोनन्स साधतो. ४० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर पाच-सहा सेंटीमीटर लांब असतो तो त्यामुळेच, आणि २८ किलोहर्ट्झचा त्याहून उंच असतो. लेखात ‘चिपची वारंवारता ४० किलोहर्ट्झवर बसवावी’ असे जे सोपे करून लिहिले आहे, त्यात खरी अडचण लपली आहे. ट्रान्सड्यूसरवर छापलेला ४० हा आकडा नाममात्र असतो. एकाच खोक्यातल्या दोन नगांमध्ये शेकडो हर्ट्झचा फरक मी नेहमी मोजला आहे. तो टाकीला चिकटवला की रेझोनन्स सरकतो, पाणी भरले की पुन्हा सरकतो, सिरॅमिक तापले की आणखी खाली येतो. दुसरीकडे ५५५ची वारंवारता तिच्या बाहेर जोडलेल्या रोधावर (रेझिस्टर) आणि धारित्रावर (कपॅसिटर) ठरते. त्यांच्या किमतीत पाच टक्क्यांचा फरक असणे ही दुकानातली रोजची गोष्ट आहे, आणि ४० किलोहर्ट्झचे पाच टक्के म्हणजे दोन किलोहर्ट्झ. मोकळ्या हवेतल्या ट्रान्सड्यूसरचा रेझोनन्स याच्या दहाव्या भागाहूनही अरुंद असू शकतो. पाण्यात तो पसरट होतो हे खरे, तरीही आंधळेपणाने मारलेला तीर लागला तर नशीब, असाच हा प्रकार आहे.

विजेच्या बाजूनेही हा भार साधासुधा नाही. दिवा किंवा हीटर जोडावा तसा तो मॉसफेटला जोडता येत नाही. ४० किलोहर्ट्झच्या, पन्नास-साठ वॉटच्या एका ट्रान्सड्यूसरची धारिता सुमारे ४ नॅनोफॅरड भरते. म्हणजे कंपन असो वा नसो, त्या वारंवारतेवर तो विजेला सुमारे १००० ओहमच्या धारित्रासारखा दिसतो, आणि या धारित्राला समांतर असा त्याचा कंपनाचा भाग उभा असतो. त्या भागातला जो शुद्ध रोध रेझोनन्सला उरतो, तो मोकळ्या ट्रान्सड्यूसरमध्ये दहा-वीस ओहम असतो आणि पाण्याने भरलेल्या टाकीखाली कित्येक पट वाढतो. पाण्यात जाणारी सगळी शक्ती याच रोधातून जाते. धारित्राचा प्रवाह मात्र नुसता येतो आणि जातो. काम करत नाही, पण मॉसफेटला तो वाहावाच लागतो. त्यातही चौकोनी तरंग दिला, तर प्रत्येक कडेला ते धारित्र एका क्षणात भरावे लागते, प्रवाहाचा उंच काटा उठतो आणि ती सगळी ऊर्जा मॉसफेटच्या उष्णतेत जाते. लेखातल्या आकृतीत तर एकच मॉसफेट आहे. तो धारित्र एका बाजूला ओढू शकतो, उलट ढकलायला तेथे दुसरे कोणी नाही. मुलांच्या हाती पाच मिनिटांत जळलेला मॉसफेट येईल, आणि मग जोर वाढवण्यासाठी ती घरातल्या विजेकडे वळतील. मला भीती आहे ती याची.

यावरचा उपाय गेली कित्येक दशके तोच आहे आणि तो अवघड नाही. ट्रान्सड्यूसरला समांतर असे वेटोळे जोडतात, ज्याचा प्रवाह धारित्राच्या प्रवाहाची बरोबर परतफेड करतो. ४ नॅनोफॅरडला ४० किलोहर्ट्झवर सुमारे ४ मिलिहेन्रीचे वेटोळे लागते. सहा ट्रान्सड्यूसर समांतर असतील, तर धारिता सहापट होते आणि वेटोळे साधारण पाऊण मिलिहेन्रीच्याही खाली येते. चौकोनी तरंगाच्या कडा बोथट करण्यासाठी आणखी एक लहान वेटोळे ओळीत घालतात. ही वेटोळी फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळायची असतात आणि गाभ्याच्या दोन अर्ध्यांमध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते. ती नसेल, तर गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि वेटोळे असून नसल्यासारखे होते. दोन मॉसफेटची जोडी, म्हणजे एक ढकलणारा आणि एक ओढणारा, त्यांच्यापुढे ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढे ही वेटोळी आणि शेवटी ट्रान्सड्यूसर, असा हा क्रम असतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज जुळवतो आणि त्याच वेळी टाकी विजेपासून अलग ठेवतो. लेखातून नेमका तोच भाग गळला आहे.

पण वेटोळी बरोबर घातली, तरी वारंवारता कोणी सांभाळायची हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. आपल्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकलेल्या बहुतेकांनी द्रवातील ध्वनीचा वेग मोजणारा इंटरफेरोमीटर हाताळला असेल. लहानशा धातूच्या भांड्यात तळाला क्वार्ट्झची चकती, तिच्यावर द्रव, आणि वरून मायक्रोमीटरने खाली-वर होणारी परावर्तक पट्टी, असे त्याचे रूप असते. चकती बहुधा २० लाख हर्ट्झवर चालते. मायक्रोमीटर फिरवत गेले की पाण्यासाठी दर ०.३७ मिलिमीटरला, चकतीला वीज देणाऱ्या ऑसिलेटरच्या मीटरचा काटा हलतो. ते अंतर निम्म्या तरंगलांबीइतके, त्यावरून वेग काढायचा, वहीत लिहायचा आणि सही घ्यायची. प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो, पण काटा का हलतो हे फार थोड्यांना विचारले जाते. परावर्तक हलला द्रवात आणि बदल झाला ऑसिलेटरच्या विजेत, याचा अर्थ द्रवातला ध्वनी परतून चकतीवर येतो आणि चकती त्याची वार्ता तारेतून मागे पाठवते. ट्रान्सड्यूसर बोलतो तसा ऐकतोही. सर चंद्रशेखर व्यंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये बंगळूरला, अशा ध्वनीने भरलेल्या द्रवातून जाणारा प्रकाश कसा विखुरतो याचा सिद्धांत मांडला, तेव्हा पाहायला प्रकाश हे साधन होते. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र तारेतला प्रवाह पुरतो.

चांगला जनरेटर, म्हणजे ट्रान्सड्यूसर चालवणारे सर्किट, हेच करतो. ट्रान्सड्यूसरवरचे व्होल्टेज आणि त्यातून जाणारा प्रवाह यांची पावले एकत्र पडतात की नाही हे तो सतत पाहत असतो. रेझोनन्सच्या खाली प्रवाह पुढे धावतो, थोडा वर गेला की मागे रेंगाळतो. फरक दिसला की जनरेटर आपली वारंवारता तेवढी सरकवतो. यासाठी ४०४६ ही स्वस्त चिप वर्षानुवर्षे वापरली गेली आणि आता तेच काम मायक्रोकंट्रोलर करतो. गंमत अशी की बाजारातला स्वस्तातला स्वस्त क्लीनरही लेखातल्या सर्किटपेक्षा शहाणा असतो. त्याच्या ट्रान्सड्यूसरच्या तारेवर एक लहान फेराइटची कडी ओवलेली असते, तिच्यावरचे दोन वेढे त्या प्रवाहाचा नमुना घेऊन ट्रान्झिस्टरच्या जोडीला परत देतात, आणि त्यामुळे ऑसिलेटर ट्रान्सड्यूसरच्या स्वतःच्याच तालावर चालू लागतो. कोणी वारंवारता बसवत नाही, ती बसते. अशा यंत्रांत एकदिश केलेली वीज बहुधा गुळगुळीत केलेली नसते, म्हणून जोर सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो, आणि आपल्याला जी घरघर ऐकू येते तिच्यात त्याचाही वाटा असतो. ४० किलोहर्ट्झचा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही. लेखातले ‘यंत्र चालू झाल्याची खूण म्हणजे त्याचा आवाज’ हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे.

त्या अर्ध्या खऱ्याचा अनुभव सांगतो. एका रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारे धुण्याच्या टाकीबद्दल तक्रार होती. आवाज पूर्वीसारखाच येतो, दिवे लागतात, पण चिमट्यांच्या खाचांतले रक्त निघत नाही, असे तिथल्या सिस्टर सांगत होत्या, आणि आधी येऊन गेलेल्या माणसाने आवाज येतो म्हणून यंत्र ठीक असल्याचे लिहून दिले होते. टाकीखाली सहा ट्रान्सड्यूसर होते. त्यांतल्या दोघांचा इपॉक्सी सुटला होता, आणि एक कधीतरी बदललेला होता, तो इतरांपेक्षा जवळजवळ दीड किलोहर्ट्झने वेगळा निघाला. सगळे एकाच तारेवर समांतर असल्यामुळे जनरेटर जो सर्वांत मोठ्याने उत्तर देईल त्याच्या मागे जात होता, आणि सर्वांत मोठे उत्तर देत होते ते सुटलेले दोन, कारण त्यांच्यावर पाण्याचा भारच नव्हता. ते तापत होते, बाकीचे निवांत होते. मी सहाही काढले, जवळजवळच्या रेझोनन्सचे सहा निवडून लावले, आणि सिस्टरांनीच नंतर टाकीचे पाणी लाल झाल्याचे दाखवले. ट्रान्सड्यूसर लेबलवरच्या आकड्याने खरेदी करू नयेत, मोजून जुळवावेत, हे तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत आलो आहे.

पाण्यात नेमके काय घडते याबद्दल लेखात ‘कंपनांमुळे मळ सैल होतो’ एवढेच आहे. मळ काढतो तो बुडबुडा. ध्वनीच्या ताणाच्या अर्ध्या फेऱ्यात पाण्यातल्या सूक्ष्म वायुकणांभोवती पोकळी फुगते आणि दाबाच्या अर्ध्या फेऱ्यात ती कोसळते. कोसळणाऱ्या पोकळीच्या मध्याशी क्षणभर हजारो अंशांचे तापमान निर्माण होते आणि वस्तूच्या पृष्ठभागाजवळ ती कोसळली, तर पाण्याची बारीक सुई पृष्ठभागावर आदळते. अशा पोकळीच्या कोसळण्यातून उद्भवणाऱ्या दाबाचे गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये केले, तेव्हा प्रश्न जहाजांचे पंखे कुरतडले जाण्याचा होता. हे सुरू व्हायला ध्वनीचा दाब साधारण एका वातावरणाच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या, पुढे जावा लागतो. पाण्यात तेवढ्या दाबासाठी टाकीचा तळ ४० किलोहर्ट्झवर पाव मायक्रॉनच्या थोडा वर हलला तरी पुरतो आणि दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक-तृतीयांश वॉट शक्ती लागते. आकडा लहान दिसतो, पण हाताच्या पंजाएवढ्या तळाला तो गुणला, की बझरची चकती आणि बारा व्होल्टचा अडॅप्टर कुठल्या कुठे राहतात. नळाचे ताजे पाणी असेल, तर त्यात विरघळलेली हवा आधी मोठ्या बुडबुड्यांनी बाहेर येते आणि उशीसारखी मध्ये बसते. पाच-दहा मिनिटे यंत्र रिकाम्या जाळीने चालवून ती घालवावी लागते. कोमट पाण्यात, साधारण ५० ते ६० अंशांवर, सफाई उत्तम होते. उकळीकडे जाऊ लागले की वाफच कोसळणे मऊ करते. पेट्रोल किंवा स्पिरिट घालून पाहण्याचा मोह वर्कशॉपमध्ये अनेकांना होतो. त्याबद्दल एवढेच सांगतो की जनरेटरमधल्या ठिणगीला आणि तापलेल्या ट्रान्सड्यूसरला वाफ कशाची आहे हे कळत नाही.

चालू टाकीत बोट घालून ‘मुंग्या येतात का’ हे पाहण्याची सूचनाही लेखात होती. अमेरिकेत वुड आणि लूमिस यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तेलात बुडवलेल्या क्वार्ट्झवर टेकवलेला काचेचा बारीक धागा बोटांत धरला, तर त्वचा भाजत असे, आणि लहान मासे त्या ध्वनीत मरत. त्यांची शक्ती आपल्या क्लीनरपेक्षा फार मोठी होती, तरीही मळ कोणता आणि बोटाची त्वचा कोणती, हे सफाईच्या टाकीतला बुडबुडा ओळखत नाही. पाहायचेच असेल, तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पातळ फॉइल उभी धरून अर्धा मिनिट पाण्यात सोडावी. जिथे काम होते तिथे तिला भोके आणि खळगे पडतात, जिथे होत नाही तिथे ती कोरी राहते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर, म्हणून ४० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३७ मिलिमीटर, आणि फॉइलवरचे पट्टे साधारण तिच्या निम्म्या अंतराने उमटतात. इंटरफेरोमीटरमध्ये मायक्रोमीटरने मोजले ते येथे पट्टीने मोजता येते. हे पट्टे पुसट करण्यासाठी मोठ्या जनरेटरमध्ये वारंवारता मुद्दाम थोडी पुढेमागे झुलवतात, म्हणजे कोणताही चिमटा कायम कोऱ्या जागेत राहत नाही.

यंत्राच्या पाठीवर लिहिलेल्या वॉटवरही विश्वास ठेवू नये. तो आकडा कधी हीटरसकट असतो, कधी नुसत्या ट्रान्सड्यूसरच्या संख्येचा गुणाकार असतो. पाण्यात खरोखर किती शक्ती उतरली, हे सातवी-आठवीतल्या मुलालाही तापमापीने काढता येते. हीटर बंद ठेवून दोन लिटर पाण्यात यंत्र सहा मिनिटे चालवले आणि तापमान दोन अंशांनी चढले, तर दोन लिटरला ४१८६ ने (एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागणारे ज्यूल) आणि मग दोन अंशांनी गुणून ३६० सेकंदांनी भागावे. उत्तर ४६ वॉटच्या आसपास येते. बाहेर गेलेली उष्णता आणि ट्रान्सड्यूसरची स्वतःची उष्णता यांमुळे यात थोडी चूक राहते, तरी शंभर वॉट लिहिलेले यंत्र वीस वॉट देते की ऐंशी, हे लपत नाही. चष्मेवाले, सराफ, दंतवैद्य, डिझेल इंजेक्टर धुणारे गॅरेजवाले हे सगळे ही यंत्रे विकत घेतात. त्यांच्यापैकी एकानेही खरेदीपूर्वी हे मोजलेले मला भेटलेले नाही. सराफांसाठी एक पुरवणी: मोती, पोवळे, ओपल आणि तेल भरलेला पाचू या यंत्रात घालू नयेत, मग जनरेटर कितीही चांगला असो.

आता विनंतीकडे येतो. प्रदर्शनासाठी हा विषय उत्तम आहे, तो गाळू नये; फक्त प्रकल्प बदलावा. मुलांनी क्लीनर करण्याऐवजी ट्रान्सड्यूसरचा रेझोनन्स शोधून दाखवावा. शाळेच्या किंवा जवळच्या आयटीआयच्या प्रयोगशाळेतला सिग्नल जनरेटर, ओळीत एक हजार ओहमचा रोध, ट्रान्सड्यूसर आणि ऑसिलोस्कोप, एवढे पुरते. तीन-चार व्होल्टवर ३५ पासून ४५ किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू जावे. एका ठिकाणी ट्रान्सड्यूसरवरचे व्होल्टेज एकदम पडते, एक-दोन किलोहर्ट्झ वर गेल्यावर ते एकदम चढते. हे दोन बिंदू वहीत मांडावेत. मग ट्रान्सड्यूसरचे ॲल्युमिनियमचे तोंड पाण्यात बुडवून तेच पुन्हा करावे आणि दोन्ही आलेख एकावर एक काढावेत. पाण्यात बुडताच दरी उथळ आणि रुंद होते, शिखर बसते. बशीत साधे पाणी, साखरेचे पाणी, मिठाचे पाणी, तेल असे बदलत गेले, की प्रत्येकाचा आलेख थोडा वेगळा येतो. जोडेपर्यंत ट्रान्सड्यूसरच्या विजेच्या टोकांना तार गुंडाळून ठेवली, तर यात कोणाला झटका बसत नाही, मॉसफेट जळत नाही, आणि तयार क्लीनर आणून टेबलावर ठेवणाऱ्या शेजारच्या शाळेपेक्षा या मुलांना परीक्षकांच्या प्रश्नांची उत्तरे अधिक येतील.

अशा प्रकल्पाची मोजमापांसह आकृती हवी असल्यास मी विनामोबदला काढून पाठवीन. तालुका आणि जिल्हा पातळीवरची प्रदर्शने आता जवळ आली आहेत, मुलांनी ते पान कापून वहीत चिकटवलेही असेल. सविस्तर दुरुस्ती पुढच्या रविवारपर्यंत थांबू शकते. परंतु मॉसफेटला घरातील वीज देण्याची आणि चालू टाकीत बोट घालण्याची, या दोन सूचना मागे घेतल्याचे आपण उद्याच्याच अंकात, पहिल्या पानावर चौकटीत छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त देखभाल तंत्रज्ञ
चिंचवड, पुणे